लग्नाच्या जुन्या निगेटिव्ह: आधी वाचा, मग स्कॅन करा

कोकणात माळ्यावरची निगेटिव्हची पाकिटं दिवाळीनंतरच उघडावीत. पावसाळ्यात चित्र धरणारा जिलेटिनचा थर ओल धरून मऊ पडतो, निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात आणि ओढाताण केली की चित्रच सोलून निघतं. चिकटलेला गठ्ठा कोरड्या दिवसांतही सोडवत बसू नका, जाणकाराकडे द्या.

निगेटिव्ह कडेनेच धरायची. चकचकीत बाजू नुसत्या फिल्मची, मंद बाजू चित्राची. धूळ रबरी ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकू नका. बुरशीची जाळी दिसली तर पाणी वर्ज्य: बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि तिथला चेहरा कायमचा जातो. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसा, तेही आधी कोपऱ्यावर करून बघून. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म लगेच वेगळी काढा. तिचा ॲसिटेटचा पाया सडतोय आणि ते आम्ल शेजारच्या फिल्मलाही बाधतं.

आता बघायचं. टॅबचा पडदा पूर्ण पांढरा करा आणि निगेटिव्ह त्यापासून चारेक इंच वर काचेवर ठेवा, नाहीतर पडद्याचे ठिपके उमटतात. फोनच्या सेटिंगमध्ये रंग उलटे करून कॅमेरा सुरू केला की चित्र सरळ दिसतं.

खरी गंमत चेहऱ्यात आहे. मंद बाजूवर तिरका उजेड पाडा. नवरीच्या गालावर, डोळ्यांखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके चमकतात. डाग किंवा सुरकुती निगेटिव्हमध्ये पातळ, म्हणजे जास्त पारदर्शक असते. स्टुडिओवाला तिथे शिसं भरायचा, उजेड अडायचा, छापात ती जागा उजळायची. अल्बममधलं गोरेपण पुष्कळदा असं हाताने चढवलेलं असतं. कुंकवाचा रंगही फसवतो: जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, त्यामुळे छापात कुंकू काळं येतं.

मग कडा तपासा. 120 च्या (रुंद रोलच्या) फिल्मवरची चौकोनी फ्रेम आडव्या कागदावर छापताना वरखाली कापली जाई, तेव्हा अंतरपाट धरणाऱ्याचे हात किंवा पुढे बसलेली पोरं निगेटिव्हमध्येच सापडतात. काठावरचे आकडे विधींचा खरा क्रम सांगतात. अल्बमवर भिस्त ठेवू नका.

स्कॅन करताना पूर्ण फ्रेम घ्या आणि पेन्सिल साफ करू नका. नंतर बिनआम्लाच्या कागदी पाकिटांत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. डांबरगोळ्यांनी ओल जात नाही. जेलचे निळे मणी गुलाबी झाले की बदला. हे मणी जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बघा.