गेटची तयारी: अर्ज भरण्यापासून स्कोअरकार्डापर्यंत

एम.टेक.च्या प्रवेशासाठी गेट ही देशपातळीवरील परीक्षा देणाऱ्याने पुस्तकांच्या आधी कागदपत्रे पाहावीत. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि ओळखपत्रावर शेवटी अशी सर्रास तऱ्हा असते. अर्जातील नाव मात्र परीक्षेला न्यायच्या मूळ ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे. इतर मागासवर्गीय उमेदवारांना पुढे आयआयटीसारख्या केंद्रीय संस्थांत प्रवेश घेताना केंद्र सरकारच्या नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागते, राज्यातील प्रवेशासाठी काढलेले तेथे चालत नाही, म्हणून तहसील कार्यालयातील खेपा प्रवेशाची मुदत संपत येईपर्यंत लांबवू नयेत.

बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी ही परीक्षा आळीपाळीने घेतात, त्यामुळे संकेतस्थळही वर्षागणिक बदलते. यंदाचा अभ्यासक्रम यंदाच्या संकेतस्थळावरूनच छापून घ्यावा. तीन तासांत 65 प्रश्न आणि 100 गुण असतात. त्यांपैकी 15 गुण सामान्य अभियोग्यतेचे आणि बहुतेक अभियांत्रिकी पेपरांत सुमारे 13 गुण गणिताचे असतात, म्हणजे मुख्य विषयाला हात लावण्याआधीच 28 गुण समोर असतात. ते शेवटच्या आठवड्यावर ढकलणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात आणि प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: संकल्पना चुकली, एकक चुकले, की प्रश्नच नीट वाचला नाही. एकच पर्याय बरोबर असलेल्या एका गुणाच्या प्रश्नात चुकल्यास एकतृतीयांश आणि दोन गुणांच्या प्रश्नात दोनतृतीयांश गुण कापले जातात. संख्यात्मक उत्तरांना आणि 2021 पासून आलेल्या बहुपर्यायी-बहुउत्तरी प्रश्नांना ऋण गुण नाहीत, मात्र दुसऱ्या प्रकारात सर्व बरोबर पर्याय निवडल्याशिवाय एकही गुण मिळत नाही.

खिशातला कॅल्क्युलेटर आत नेता येत नाही. पडद्यावरचा कॅल्क्युलेटर माऊसने चालवावा लागतो आणि संख्यात्मक उत्तरही पडद्यावरच्या कळांनीच भरावे लागते. बोटांना सवय नसेल तर साधा लॉगरिदमही वेळ खातो, म्हणून सरावाच्या पहिल्या दिवसापासून हाच कॅल्क्युलेटर वापरावा आणि घरचा कपाटात ठेवून द्यावा.

शक्य असल्यास केंद्र आदल्या दिवशी पाहून यावे. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र रात्रीच एका पाकिटात ठेवावे. कच्च्या कामाची वही तेथेच मिळते. निकालानंतर स्कोअरकार्ड लगेच उतरवून घ्यावे, कारण ते तीन वर्षे ग्राह्य असले तरी विनाशुल्क मिळण्याची मुदत काही महिन्यांचीच असते.