गुडघेरोपण: समोरून सरळ दिसणारा एक्स-रे आणि त्यामागच्या चुका

शस्त्रक्रियेनंतर समोरून काढलेला एक्स-रे सरळ आला की नवशिके सर्जन निर्धास्त होतात. त्या एक्स-रेत रोटेशन, म्हणजे भाग आत-बाहेर किती वळला आहे ते, नीट कळतच नाही.

टिबियाचा ट्रे (नडगीच्या हाडावर बसणारा कृत्रिम सांध्याचा तळ) आत वळवून बसवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. रुग्ण सहा महिन्यांनी येतो. सपाट रस्त्यावर ठीक, जिना उतरताना वाटीत कळ. जंतुसंसर्ग नाही, एक्स-रे सुरेख. गोळ्या बदलतात, व्यायाम बदलतात, आणि शेवटी सीटी स्कॅनमध्ये ट्रे आत वळलेला सापडतो. ट्रे आत वळला की टिबियल ट्यूबरकल (नडगीच्या पुढचा उंचवटा) त्याच्या तुलनेत बाहेर जाते, क्यू-अँगल (मांडीच्या स्नायूची ओढ आणि वाटीखालचा टेंडन यांतला कोन) वाढतो आणि पॅटेला (वाटी) बाहेर ओढली जाते. कारण बहुधा घाई असते. मागचा-बाहेरचा कोपरा नीट उघडलेला नसतो, पॅटेलर टेंडन (वाटी नडगीला जोडणारा) आड येतो, म्हणून ट्रे जसा मावेल तसा ठोकला जातो. दुसरे कारण हाड पुरेपूर झाकण्याचा हट्ट: टिबियाच्या वरच्या पृष्ठभागाचा आतला भाग (पठार) पुढून मागे लांब असल्याने दोन्ही बाजूंनी सारखा ट्रे आतच वळतो. थोडे हाड उघडे राहू द्या. कापण्याआधीच पीसीएलच्या (गुडघ्यातल्या मागच्या क्रूसिएट लिगामेंटच्या) मध्यापासून ट्यूबरकलच्या आतल्या कडेपर्यंत कॉटरीने (विजेच्या चटक्याच्या उपकरणाने) रेघ मारा. ट्रायलमध्ये (तात्पुरते भाग बसवून पाहताना) अंगठा न लावता पॅटेला खोबणीत राहत नसेल, तर लॅटरल रिलीजआधी (बाहेरचा ताणलेला भाग सैल करण्याआधी) फीमर (मांडीचे हाड) आणि टिबिया दोन्हींचे रोटेशन तपासा.

दुसरी चूक म्हणजे फक्त गुडघ्याचा एक्स-रे पाहून प्रत्येक फीमरला 5 किंवा 6 अंशांचा व्हॅल्गस कट (हाडाच्या लांबीच्या रेषेशी तिरपा काप) देणे. फीमर बाहेर वाकलेले असेल तर हा कोन 7 अंशांच्याही वर जातो. कमी कोनाने कापलेले हाड व्हेरसमध्ये (पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेल्या स्थितीत) येते आणि भार आतल्या बाजूच्या पॉलिएथिलीनवर (सांध्यातल्या प्लास्टिकवर) व टिबियाच्या हाडावर एकवटतो. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा उभा एक्स-रे काढा, पॅटेला समोर ठेवून, आणि कोन त्याच रुग्णाचा मोजा. पाय फिरलेल्या फिल्मवरचे माप फसवे असते, ती परत काढा.

बाकीच्या थोडक्यात:
घोट्याच्या सांध्याचा केंद्रबिंदू घोट्याच्या दोन बाजूंच्या उंचवट्यांच्या बरोबर मध्ये नसतो, काही मिलिमीटर आत असतो. टिबिया कापायची जिग (कापण्याची दिशा ठरवणारी चौकट) खाली 5 मिमी बाहेर सरकली तर कट जवळपास 1 अंश व्हेरसमध्ये जातो.
व्हॅल्गस (आत झुकलेल्या) गुडघ्यात बाहेरचा काँडाइल (फीमरच्या खालच्या टोकाचा गोल भाग) झिजलेला असतो. काँडाइलच्या मागच्या कडेवरून ठरवलेले फीमरच्या रोटेशनचे 3 अंश तिथे चालत नाहीत. एपिकाँडाइल (काँडाइलच्या बाजूचे उंचवटे) आणि व्हाइटसाइडची रेषा (वाटीच्या खोबणीची पुढून मागे जाणारी रेषा) बघा.
कठीण झालेल्या आतल्या हाडावर करवतीचे पाते वर चढते. कट झाल्यावर पृष्ठभाग पुन्हा मोजा.
पीएस इम्प्लांटला (पीसीएलऐवजी मधल्या खुंटीने, म्हणजे पोस्टने, आधार देणाऱ्या सांध्याला) जादा पोस्टीरिअर स्लोप (टिबियाच्या कापाचा मागे उतार) देऊ नका. गुडघा वाकवल्यावरची दोन हाडांमधली जागा (गॅप) सैल होते आणि सरळ करताना पोस्ट पुढे घासतो.