एका हातातून दोन चेंडू, फेक एकच

तीन चेंडू दोन हातांत फिरायला लागले की सगळे चौथा मागतात. मी देत नाही. आधी एका हातातून दोन एकदम उडवायला लावते. जगलर, म्हणजे चेंडू हवेत खेळवणारे, याला मल्टिप्लेक्स म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, हात दोन वेगळे झटके देतोय. छे! हात एकदाच वर जातो. कुठला चेंडू कुठे जाईल हे तळहातावरच्या मांडणीवर ठरतं.

टेनिसचे चेंडू नकोत, एकमेकांवरून निसटतात. माझं नौपाड्यात शिवणकामाचं दुकान, त्यामुळे कातरणांना तोटा नाही. जाड सुती कापडाच्या चार पाकळ्या जोडून साडेसहा सेंटीमीटरचा चेंडू शिवा, आत बाजरी, वजन ११० ग्रॅमच्या आसपास. ठासून भरू नका. जरा ढिला चेंडू हातात नीट बसतो आणि पडला तर घरंगळत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात बाजरीला किडे लागतात, तेव्हा आधी कोरडी भाजून घ्या.

पहिली फेक उभी. एक चेंडू बोटांवर, दुसरा त्यामागे मनगटाकडे. मनगट वळतं तेव्हा बोटांचं टोक जास्त वेगाने फिरतं, म्हणून पुढचा चेंडू आपोआप उंच जातो. खालचा आधी झेला, हात किंचित खाली न्या, मग वरचा. दोघांत अंतर पडत नसेल तर जोर वाढवू नका, चेंडू आणखी पुढे-मागे सरकवा. हातापासून ३० सेंटीमीटर गेलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात परततो. पूर्ण सेकंद हवा असेल तर सव्वा मीटर उडवावा लागतो. वेळ दुप्पट, उंची चौपट. म्हणून घरात पंखा बंद ठेवा. मी गच्चीवरच करते. कचराळी तलावावर सकाळी चालणाऱ्यांच्या गर्दीत हा उद्योग नको.

दुसरी फेक फाकवून. चेंडू शेजारी-शेजारी धरा. उजवा तळवा वर केला की करंगळी आतल्या बाजूला येते. तिकडचा चेंडू डाव्या हातात जाणार, अंगठ्याकडचा उजव्यातच परत. सुटताना बोटं जराशी फाकवा, बस्स. लोक इथे अख्खा हात बाजूला फेकतात आणि एक चेंडू शेजारच्यांच्या वाळवणात.

मग चौथा चेंडू. १९८०च्या दशकात जगलरांनी फेकी आकड्यांत लिहायची पद्धत काढली, साइटस्वॅप. तिच्यात हा प्रकार [४३]२३ असा लिहितात. कंसातल्या फेकी एकदम सुटतात: ४ सरळ उंच त्याच हातात, ३ पलीकडच्या हातात. २ म्हणजे चेंडू नुसता धरून ठेवायचा. एकदा हात चालला की एक ठोका, कंसातली जोडी मिळून एकच. चारही आकड्यांची बेरीज १२, ठोके तीन, बाराला तिनाने भागलं की चेंडू चार. जोडी एकदा उजव्यातून सुटते, एकदा डाव्यातून. डाव्याचा सराव वेगळा करा, तो आळशी असतो.

तीन एकदम उडवायचे असतील तर बोटांवर दोन, मागे एक. हात लहान असेल तर चेंडूच लहान शिवा.