ट्रिअर एका दिवसात, विद्यार्थ्याच्या खिशात बसेल असं

जर्मनीत शिकत असाल आणि रोमन अवशेष बघायला थेट रोम परवडत नसेल, तर मोझेल नदीकाठचं ट्रिअर गाठा. डॉइचलँडटिकट (देशभर चालणारा मासिक प्रवास पास) असेल तर प्रवासाचा वेगळा खर्च नाही. फक्त प्रादेशिक गाड्याच घ्यायच्या, आयसी-आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना ते चालत नाही.

स्टेशनपासून दहा मिनिटांवर पोर्टा निग्रा, इसवी सन १७० च्या सुमाराचा नगरदरवाजा. दगड चुन्याशिवाय, लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते. मध्ययुगात लोकांनी ते लोखंड उकरून नेलं, त्याची भोकं अजून दिसतात. अकराव्या शतकात इथे सिमेऑन नावाचा साधू राहिला, पुढे त्याचं चर्च झालं, म्हणून दरवाजा वाचला. वरच्या मजल्यावर नक्की चढा.

तिथून रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची बॅसिलिका, म्हणजे भव्य सभागृह: ६७ मीटर लांब, ३३ मीटर उंच, आत एकही खांब नाही. आज ते चालू चर्च आहे, प्रवेश मोफत. रविवारी सकाळी मात्र प्रार्थना असते, तेव्हा दुपारी जा.

कायझरथेर्मेन या रोमन शाही स्नानगृहाच्या भुयारांत थंडी लागते, जॅकेट ठेवा. अ‍ॅम्फीथिएटर (रोमन खेळांचं खुलं रिंगण) थोडं चढावर आहे. हिवाळ्यात ही ठिकाणं लवकर बंद होतात, त्यामुळे ते शेवटावर ढकलू नका. रिंगणाखालचं तळघर चुकवू नका.

विद्यार्थी ओळखपत्र जवळ हवंच, तिकिटात सवलत मिळते. आणि रविवारी सुपरमार्केट बंद, डबा घरूनच न्या.