सांता क्लारा काउंटीत पोलीस आणि अटकेच्या नोंदी मागण्यापूर्वीची तयारी

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा काउंटीत, म्हणजे सॅन होझे, सनीव्हेल, क्युपर्टिनो, मिलपिटास या परिसरात, पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात, आणि त्यांपैकी कुणावर ना कुणावर पोलिसांकडची नोंद शोधण्याची वेळ येतेच. कुणाला नागरिकत्वाच्या अर्जाला जुन्या प्रकरणाचा निकाल जोडायचा असतो, कुणाच्या घरी चोरी झालेली असते आणि विमा कंपनी अहवाल मागत असते, तर कुणाला नाशिकहून मामांचा फोन येतो की तिकडचे एक स्थळ आले आहे, मुलाच्या नावावर पोलिसांत काही आहे का ते बघ. या कामांचे कागद एकाच कार्यालयात नसतात. म्हणून अर्जाला हात घालण्यापूर्वी आपल्याला नेमका कोणता कागद हवा आहे आणि तो कुणाला द्यायचा आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे; ते वाक्य लिहिता येत नसेल, तर अर्जाची वेळ अजून आलेली नाही असे समजावे.

भारतातून आलेल्या माणसाच्या मनात 'पोलिसांची नोंद' म्हटले की एफआयआर येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनंतर, संवेदनशील गुन्हे वगळता, एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याची पद्धत तिकडे रुळली आहे. कॅलिफोर्नियात तसे नाही. येथे तपासाचा अहवाल पोलीस राखून ठेवू शकतात. मात्र त्यातील ठरावीक माहिती देणे त्यांना बंधनकारक असते. राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्यातील (पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट), म्हणजे गव्हर्नमेंट कोडच्या, कलम ७९२३.६१० प्रमाणे अटक झालेल्या व्यक्तीचे नाव, व्यवसाय, जन्मतारीख, शारीरिक वर्णन, अटकेची वेळ व ठिकाण, अटकेची परिस्थिती, जामिनाची रक्कम, सुटका कशी व केव्हा झाली किंवा व्यक्ती कोठे ठेवली आहे, आणि लावलेले सर्व आरोप ही माहिती सर्वसाधारणपणे खुली असते. तपासाला किंवा कुणाच्या जिवाला धोका पोहोचत असेल तेवढाच भाग रोखता येतो. म्हणून अर्जात 'अहवालाची प्रत द्यावी' एवढेच लिहून थांबू नये. 'अहवाल देता येत नसल्यास या कलमाखालील माहिती लेखी द्यावी' हे दुसरे वाक्य जरूर जोडावे. हा कायदा १९६८ चा असला, तरी २०२३ च्या आरंभापासून त्याची कलमे नव्या क्रमांकांनी लावली आहेत, त्यामुळे अर्जाच्या जुन्या नमुन्यात ६२५४ हा कलमाचा आकडा दिसला की तो नमुना बाजूला ठेवावा.

यानंतरची तयारी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात: घटना कोणत्या पोलिसांच्या हद्दीत घडली हे निश्चित करणे. काउंटीत १५ शहरे आहेत आणि पोलीस दल प्रत्येकाचे वेगळे असेलच असे नाही. सॅन होझे, मिलपिटास, माउंटन व्ह्यू यांची स्वतःची पोलीस खाती आहेत. क्युपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस अल्टोस हिल्स ही शहरे काउंटीच्या शेरीफकडून, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या खात्याकडून, करारावर पोलीस सेवा घेतात, त्यामुळे क्युपर्टिनोतील चोरीचा अहवाल क्युपर्टिनोच्या नगरपालिकेत मागून काही उपयोग होत नाही. मॉन्टे सेरेनोचे काम लॉस गाटोसचे पोलीस पाहतात. सनीव्हेलमध्ये पोलीस आणि अग्निशमन ही दोन्ही कामे एकाच सार्वजनिक सुरक्षा खात्याकडे आहेत. महामार्गावरचा अपघात असेल तर नोंद बहुधा राज्याच्या हायवे पेट्रोलकडे असते, आणि अपघाताचे अहवाल गोपनीय असल्याने ते वाहनचालक, जखमी व्यक्ती, वाहनमालक, विमा कंपनी अशा संबंधितांनाच मिळतात. माझ्या एका परिचितांनी चुकीच्या खात्याकडे अर्ज केला होता; 'आमच्याकडे अशी नोंद नाही' या उत्तरावर त्यांनी विश्वास ठेवला आणि दोन महिने घालवले. 'आमच्याकडे नाही' याचा अर्थ 'कुठेच नाही' असा नसतो. घटनेच्या जागेचा पत्ता, रस्त्याची दिशा, जवळचा चौक, तारीख आणि अंदाजे वेळ एका कागदावर मांडावी, आणि घटनेच्या वेळी पोलिसांनी दिलेले कार्ड अजून जवळ असेल तर त्यावरील प्रकरण क्रमांक सर्वांत वर लिहावा.

अर्ज करण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, अशी शंका व्हिसावर राहणाऱ्या अनेकांना असते. आपल्याकडचा माहितीचा अधिकार नागरिकांपुरता आहे. कॅलिफोर्नियाचा कायदा मात्र कोणत्याही व्यक्तीला हा हक्क देतो आणि माहिती कशासाठी हवी हे विचारण्याचे कारण ठेवत नाही. अपवाद पत्त्याचा: अटक झालेल्याचा सध्याचा पत्ता पत्रकारिता, अभ्यास, राजकीय किंवा शासकीय काम अथवा परवानाधारक खासगी तपास यांसाठीच, आणि तोही प्रतिज्ञेवर, मागता येतो. कार्यालयाने १० दिवसांत कळवायचे असते ते नोंद देता येईल की नाही एवढेच, आणि ही मुदत विशेष परिस्थितीत १४ दिवसांनी वाढू शकते. कागद प्रत्यक्ष हातात पडायला आणखी वेळ लागतो. नोंद पाहणे विनामूल्य असते आणि प्रत हवी असेल तर केवळ प्रत काढण्याचा खर्च घेतला जातो. अर्ज लेखी करावा, तारीख घालावी, पोच जपावी.

ज्यांच्यावर गुन्हा घडला आहे त्यांचा हक्क सामान्य नागरिकाहून मोठा आहे. चोरी, दरोडा, घरफोडी, आग, तोडफोड, गाडीची चोरी अशा प्रसंगी पीडित व्यक्ती, तिचा अधिकृत प्रतिनिधी आणि तिची विमा कंपनी यांना घटनेची आणि साक्षीदारांची माहिती कायद्याने मागता येते, म्हणून अर्जात 'मी पीडित आहे' हे पहिल्याच ओळीत लिहावे आणि ओळखपत्राची प्रत जोडावी. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात कायदा अधिक उदार आहे: अहवालाचे पहिले पान सर्वसाधारणपणे ४८ तासांत आणि संपूर्ण अहवाल ५ कामकाजाच्या दिवसांत, तोही विनामूल्य, पीडितेला मिळाला पाहिजे. पतीच्या व्हिसावर आलेल्या आणि घरातल्या कागदांवर ताबा नसलेल्या बहिणींना ही गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. अहवाल घरच्या पत्त्यावर मागवणे धोक्याचे वाटत असेल तर तो स्वतः जाऊन घ्यावा किंवा विश्वासातल्या व्यक्तीला लेखी अधिकार देऊन आणवावा.

आताच कुणाला अटक झाली असेल आणि घरच्यांना ती व्यक्ती कोठे आहे हे शोधायचे असेल, तर अर्जाचा विचार नको. सॅन होझेतील मेन जेल आणि मिलपिटासमधील एल्मवुड या काउंटीच्या तुरुंगांतील व्यक्तींचा शोध नावावरून घेता येतो. किरकोळ आरोपात पुष्कळदा समन्स देऊन जागच्या जागी सोडतात, तेव्हा तुरुंगाच्या यादीत नाव येतच नाही.

निकाल हवा असेल तर पोलीस सोडून काउंटीच्या न्यायालयाकडे, म्हणजे सुपीरियर कोर्टाकडे, जावे. फौजदारी प्रकरणांची सूची दुरूनही पाहता येऊ शकते, पण राज्याच्या नियमांनुसार त्यांतील कागद न्यायालयाच्या इमारतीतच पाहावे लागतात. मुख्य ठिकाण सॅन होझेच्या वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरील हॉल ऑफ जस्टिस हे आहे, तर काही प्रकरणे पालो अल्टो आणि मॉर्गन हिलच्या न्यायालयांत चालतात. येथे नावाचा प्रश्न गंभीर होतो. २०२१ च्या एका अपील निकालाने न्यायालयांच्या इलेक्ट्रॉनिक सूचीत जन्मतारखेवरून शोध घेऊ देणे नियमबाह्य ठरवले, त्यामुळे हाती फक्त नाव राहते, आणि पाटील, कुलकर्णी, जोशी या आडनावांची त्याच पहिल्या नावाची दहा माणसे खाडीपरिसरात (बे एरियात) सहज सापडतात. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले असते, ते काही नोंदींत मधले नाव म्हणून, काहींत पहिल्या नावाचाच भाग म्हणून आणि काहींत आडनावाच्या जागी जाऊन बसते. रोमन अक्षरांतील स्पेलिंगही दोन-तीन प्रकारचे असते. हे सर्व प्रकार आधी लिहून न्यावेत आणि सूचीत नाव सापडले तरी कागदांवरून व्यक्ती तीच आहे याची खात्री होईपर्यंत कुणालाही काहीही कळवू नये. प्रत पानाला ५० सेंट पडते, शोधायला १० मिनिटांहून अधिक वेळ लागला तर १५ डॉलर, आणि सही-शिक्क्यासाठी वेगळे शुल्क असते.

स्थळाच्या चौकशीसाठी घरचे लोक एक सोपा उपाय सुचवतात: मुलालाच त्याची राज्याची नोंद आणायला सांगावी. असे मुळीच करू नये. स्वतःची नोंद तपासण्यासाठी कुणालाही लाइव्ह स्कॅनने बोटांचे ठसे देऊन आणि २५ डॉलरचे शासकीय शुल्क भरून ती राज्याच्या न्याय विभागाकडून मागवता येते, परंतु ती प्रत आणून दाखवण्याची मागणी दुसऱ्याने करणे हा पीनल कोडच्या कलम १११२५ खाली गुन्हा आहे. मामांना मी एवढेच सांगतो की न्यायालयाची सूची पाहता येईल, ती एका काउंटीची असेल आणि राज्यात ५८ काउंटी आहेत. त्याहून अधिक मुलाला थेट विचारावे. तेच सरळ आहे.

हाती आलेली नोंद वाचण्याचीही तयारी लागते. अटक म्हणजे पोलिसांचा संशय. आरोप ठेवायचा की नाही हे काउंटीचा सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी ठरवतो, आणि दोष ठरवते न्यायालय. आरोपच दाखल न होता माणूस सुटला, तर कॅलिफोर्नियाचा कायदा त्या घटनेला नोंदींत अटक न म्हणता केवळ 'ताब्यात घेणे' म्हणावे असे सांगतो, आणि तसे प्रमाणपत्रही देतो. शिक्षेत न संपलेल्या अटकेविषयी नोकरीच्या अर्जात विचारणे बहुतेक मालकांना लेबर कोडने मना केले आहे. आपण एखाद्या कंपनीत माणसे निवडत असाल, तर हे आधी वाचून ठेवावे.

इमिग्रेशनचे नियम याहून कडक आहेत. नागरिकत्वाच्या अर्जात अटक झाली होती का, असा प्रश्न असतो, आणि नोंद सीलबंद (लोकांना पाहण्यास बंद) वा रद्द झालेली असली तरी ती सांगावी लागते. म्हणून सील करण्याचा अर्ज देण्यापूर्वी न्यायालयाच्या निकालाच्या सही-शिक्क्याच्या किमान दोन प्रती घेऊन ठेवाव्यात आणि इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवाव्यात. जुन्या किरकोळ प्रकरणांच्या फायली काही वर्षांनी नष्ट करण्याची मुभा न्यायालयांना आहे. फाईल राहिलेली नसेल तर रिकाम्या हाताने परतू नये. शोध घेतला आणि नोंद उपलब्ध नाही असे क्लार्ककडून शिक्क्यासह लिहून घ्यावे, आणि ते पत्र पासपोर्टच्या जुन्या प्रतींसोबत एकाच फाईलमध्ये ठेवावे.