मापं बदलताना या चुका टाळा

केक तुरट, साबणासारखा लागला तर ओव्हनला दोष देण्याआधी वाटी तपासा.

माझा पहिला केक असाच बिघडला. कृती अमेरिकन होती: 2 कप मैदा, 1 कप साखर, 1 कप दूध, 2 अंडी, 1 टीस्पून सोडा. कप नव्हता, म्हणून आमटीची वाटी घेतली. सगळं एकाच वाटीनं मोजलं की प्रमाण चुकत नाही, हे शिरा-उपम्यानं शिकवलेलं. पण अमेरिकन कप साधारण 240 मिलीचा आणि माझी वाटी निघाली 150 ची. मैदा, साखर, दूध तिघंही त्या मानानं घटले. सोडा मात्र पुरता 5 मिली पडला. जिथे वाटीबरोबर नग किंवा चमचा येतो, तिथे वाटी किती मिलीची हे ठाऊक हवंच. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीतून वाट्या भरून पाहा. तीन भरून थोडं उरलं, तर वाटी दीडशेची.

कपाचे सरसकट ग्रॅम करू नका. त्याच 240 मिलीत मैदा 120 ते 125 ग्रॅम बसतो, साखर 200. डब्यात दाबून भरलेला मैदा आणखी जास्त. तेलाचा लिटरही किलो नव्हे, सुमारे 910 ग्रॅम.

टेबलस्पून 15 मिलीचा, पण ऑस्ट्रेलियन कृतीत 20 चा. ओव्हनला 350 लिहिलं असेल तर ते फॅरनहाइट; आपलं बटण 180 वर ठेवा.

आजीच्या वहीतली मापं मला जास्त जपावीशी वाटतात, आणि तिथेच घाईनं किलो केले जातात. चकलीच्या भाजणीला 1 शेर तांदूळ, 1 मापटं हरभरा डाळ, 1 चिपटं उडीद डाळ असं असेल, तर हा शेर भांड्यानं भरायचा आहे, तराजूचा नाही. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. म्हणजे सरळ 4 वाट्या तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी उडीद डाळ. वजन करायची गरजच नाही.

त्याच वहीत ‘पावशेर तूप’ दिसलं तर मात्र तो बहुधा वजनाचा शेर, 80 तोळ्यांचा, सुमारे 933 ग्रॅम. त्याचा पाव 233 ग्रॅम होतो, अडीचशे नाही. बेसनाच्या लाडवांना आधी 233 च घाला. मिश्रण कोरडं वाटलं तर वरून चमचाभर.