तिशीच्या उंबरठ्यावर मिलिटरी नर्सिंगकडे वळताय? आधी या चुका टाळा

पुण्यातल्या मुलींना फौजी दवाखान्याचं आकर्षण नवं नाही. वानवडीला एएफएमसी हे फौजेचं मेडिकल कॉलेज, तिथेच कमांड हॉस्पिटल, खडकीला मिलिटरी हॉस्पिटल आणि जखमेमुळे शरीर लुळं पडलेल्या जवानांसाठीचं १९७४ पासूनचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. येता-जाता खांद्यावर स्टार लावलेली नर्सिंग ऑफिसर दिसते आणि ते स्वप्न मनात घर करतं. काहींच्या मनातून ते लग्न, मूल, नोकरी सगळं झाल्यावरही जात नाही. अशा बायकांबद्दल मला फार आदर आहे. मी नर्सिंग शिकवते, त्यामुळे त्या माझ्यापर्यंत येतात. पण त्यांच्याकडे दोन-तीन वर्षंच उरलेली असतात, आणि बऱ्याचदा तीही कुणाच्या तरी ऐकीव सल्ल्यात गेलेली असतात. तेच ते प्रकार पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो.

वयाचा हिशेब पुढून करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये जायचे मुख्य रस्ते दोन. पहिला बारावीनंतरचा: 'नीट' ही प्रवेशपरीक्षा देऊन फौजेच्याच कॉलेजात चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग. पुण्याचं एएफएमसी धरून अशी सहा कॉलेजं आहेत, जागा सगळ्या मिळून २२०, त्यातल्या पुण्यात ४०. हा रस्ता पंचविशीच्या आसपास बंद होतो आणि त्याला लग्न झालेल्या मुली चालत नाहीत. दुसरा रस्ता शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी ऑफिसर म्हणून नेमणुकीचा. आधीच नर्स असलेल्या बाईसाठी हा आहे. डिसेंबर २०२३ च्या जाहिरातीत वयाची अट २१ ते ३५ होती, आणि शिक्षण बीएस्सी, पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची दोन वर्षांची डिग्री) किंवा एमएस्सी नर्सिंग, सोबत राज्याच्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. जीएनएम, म्हणजे तीन वर्षांचा नर्सिंग डिप्लोमा, त्यात नाही. एएनएम हा त्याहून छोटा कोर्स तर नाहीच.

हे वाक्य मी वर्गात दरवर्षी सांगते, तरी लोक अनुभवावर भिस्त ठेवतात. हडपसरच्या बाजूला एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयू सांभाळणारी एक सिस्टर होती. जीएनएम, हाताला उत्तम, रात्रपाळीत डॉक्टरांनी तिच्या भरवशावर डुलकी काढावी अशी. एकतिसाव्या वर्षी तिने ठरवलं की मिलिटरीत जायचं. कुणीतरी सांगितलं, एवढा अनुभव आहे तर शिक्षणाचं कोण बघतंय. तिने परीक्षेच्या तयारीचा क्लास लावला. क्लासवाल्यांनी फी घेतली. तिचं क्वालिफिकेशन काय, हे विचारलं नाही. दोन वर्षं ड्यूटी करून ही बाई पहाटे उठून अभ्यास करत होती. मग जाहिरात आली आणि तिचा मला फोन आला, "मॅडम, फॉर्ममध्ये जीएनएमचा पर्यायच दिसत नाहीये. साइट बिघडलीय का?"

साइट ठीक होती. तिने ती दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सीला दिली असती तर त्या दिवशी तिच्या हातात डिग्री असती. तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. तिथून पुढे प्रवेश, दोन वर्षं, निकाल, रजिस्ट्रेशन, आणि मग पुढच्या जाहिरातीची वाट. पस्तिशी आधीच गाठली जाते. मला तिला ते फोनवर सांगावं लागलं.

म्हणून माझी पद्धत अशी: वहीच्या एका पानावर सगळ्यात वर आपल्या पस्तिसाव्या वाढदिवसाची तारीख लिहायची आणि तिथून मागे यायचं. जन्मतारीख दहावीच्या सर्टिफिकेटवरची धरायची, घरी साजरी करतात ती नाही. जाहिरात दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येते असं समजू नका, तेवढी मोकळी जागा सोडा. निकाल आणि रजिस्ट्रेशनसाठी सहा महिने काढा. मग डिग्री. जे उरेल तेवढाच तुमचा वेळ. तिशीला बीकॉम असलेली मुलगी 'आता नर्सिंग सुरू करून मिलिटरीत जाते' म्हणते तेव्हा मी हेच पान तिच्यासमोर धरते. बीएस्सी नर्सिंगला चार वर्षं लागतात, आणि त्यासाठी बारावीला जीवशास्त्रासह विज्ञान लागतं. जीएनएमवरून गेलं तर तीन अधिक दोन. हिशेब बसत नाही. तिने नर्स जरूर व्हावं, पण मिलिटरीची आशा दाखवून तिला कुणी चार वर्षांची फी भरायला लावू नये.

आणि वयोमर्यादा ४२ असल्याचा आकडा डोक्यातून काढा. तो टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून करायच्या अर्धवेळ फौजेच्या, अधिकारी भरतीचा आहे. कुठल्यातरी फॉरवर्ड केलेल्या मेसेजमधून तो नर्सिंगला चिकटला आहे.

नावांचा घोळ

आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव तांदळाच्या ताटात लिहून बदलतात. घरात ते नाव चालू द्या. कागदावर ते अर्धवट गेलं की काय होतं ते मी बघितलंय.

सासवडकडची एक मुलगी, बीएस्सी नर्सिंग झालेली, एकोणतीस वर्षांची. दहावी, डिग्री, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळं माहेरच्या नावाने. लग्नानंतर सासरच्यांनी आधार कार्ड बदलून घेतलं. आडनाव नवं, वडिलांच्या जागी नवरा, आणि पहिलं नावसुद्धा नवं! म्हणजे कागदोपत्री दोन वेगळ्या बायका. राजपत्रात जाहिरात नाही, काही नाही. २०२३ च्या भरतीला अर्ज करायला जेमतेम पंधरवडा होता, आणि परीक्षा १४ जानेवारी २०२४ ला. तेवढ्यात काय काय बदलणार? कुणीतरी म्हणालं, मॅरेज सर्टिफिकेट दाखवलं की चालतं. तिने दहावीच्या नावाने अर्ज भरला. परीक्षेच्या सकाळी गेटवर प्रवेशपत्रावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरं. मॅरेज सर्टिफिकेटवर आडनावाचा खुलासा झाला, पहिल्या नावाचा झाला नाही. तिला आत सोडलं नाही. तिचा नवरा बाहेर बाळाला घेऊन उभा होता, पेपर सुटेपर्यंत थांबायच्या तयारीने आलेला. दोघं अर्ध्या तासात परत निघाले.

गेटवरच्या माणसाला मी दोष देत नाही. त्याने ओळखपत्र बघून सोडायचं असतं.

माझं मत स्पष्ट आहे: दहावीचं नाव हेच कायमचं नाव ठेवा. संसार नावावाचून अडत नाही. बदलायचंच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करा, आणि मग आधार, पॅन, बँक, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, सगळीकडे एकाच दमात तेच नाव लावा. अर्धं काम करून ठेवू नका. आज संध्याकाळी सगळे कागद टेबलावर मांडून स्पेलिंगसकट ताडून बघा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' असला तरी तो आत्ताच दुरुस्त करून घ्या. कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेही याच फेरीत.

लग्न झालंय म्हणजे संपलं, असं समजणं

शॉर्ट सर्व्हिससाठी विवाहित बाई अर्ज करू शकते. जुनी भीती उगाच आलेली नाही. १९८८ मध्ये लेफ्टनंट सेलिना जॉन यांना लग्न केलं म्हणून मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून काढलं होतं. तो नियम १९९५ मध्ये मागे घेतला गेला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना साठ लाख रुपये द्यायचा आदेश दिला. तरी अजून सासूबाई म्हणतात, 'लग्न झालेल्यांना घेत नाहीत,' आणि सून ऐकते. सासूबाईंना हा निकाल वाचून दाखवा.

'फिजिशियन असिस्टंट होऊन आर्मीत जाईन'

हे अमेरिकेचं वाचून येतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तपासणी-उपचारात मदत करणाऱ्यांचा हा पेशा तिथलाच. १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात नौदलातून आलेल्या कोअरमनांना (वैद्यकीय मदतनीस सैनिकांना) घेऊन पहिली तुकडी सुरू झाली, आणि आज अमेरिकी फौज स्वतःचे फिजिशियन असिस्टंट टेक्सासमधल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनला शिकवते. तिथे चाळिशीचा सैनिकही शिकायला बसलेला दिसतो. आपल्याकडे हा कोर्स १९९२ मध्ये चेन्नईत डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला. २०२१ च्या कायद्याने या पेशाला मान्यताही आहे. काम चांगलं आहे, हृदयशस्त्रक्रियेच्या टीममध्ये या लोकांना मोठी किंमत आहे. पण भारतीय फौजेत या डिग्रीवर कमिशन मिळत नाही. तिथे डॉक्टर आहेत, नर्सिंग ऑफिसर आहेत आणि जवानांमधून आलेले नर्सिंग असिस्टंट आहेत. नर्सिंग असिस्टंटची भरती २३ व्या वर्षी संपते, आणि ते पद ऑफिसरचं नाही. मुलग्यांनो, नर्सिंग ऑफिसरच्या जाहिराती आजवर फक्त महिलांसाठी आल्या आहेत, हेही आधी समजून घ्या. एमबीबीएस झालेल्यांना शॉर्ट सर्व्हिससाठी तिशीपर्यंत आणि पदव्युत्तर डॉक्टरांना पस्तिशीपर्यंत मुभा असते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

सहा महिन्यांचा 'नर्सिंग डिप्लोमा'. भिंतीवर जवानांचे फोटो लावले म्हणून कोर्स फौजेचा होत नाही. संस्थेचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नसेल तर पैसे भरू नका.

एजंट. ओळखीचा कर्नल आहे म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

एका ओळीच्या प्रश्नोत्तरांची पीडीएफ पाठ करणं. २०२३ च्या भरतीच्या संगणकावरच्या पेपरात नर्सिंग, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता हे तिन्ही विषय होते. मी नेहमी एकच गणित घालते: ५०० मिली सलाईन चार तासांत द्यायचं आहे, सेट २० थेंबांचा (एका मिलीला २० थेंब), मिनिटाला किती थेंब? पाठांतरवाल्या १२५ सांगतात. ते तासाचे मिली झाले. मिनिटाला साधारण ४२ थेंब. वॉर्डात उभं राहून रोज हे केलेली मुलगी हे तोंडी सांगते. मुलांसाठी चार वर्षं घरी थांबला असाल तर आधी वॉर्डात परत जा, क्लास नंतर. घाईने घरबसल्या तयारी करणाऱ्या मुली मुलाखतीत पहिल्याच क्लिनिकल प्रश्नाला गडबडतात.

मेडिकल शेवटी बघू म्हणणं. त्यात छातीचा एक्सरे आणि पोट-ओटीपोटाची सोनोग्राफी असते. ती आताच करून घ्या. इलाज होण्यासारखं काही निघालं तर वेळ हातात असतो.

पोस्टिंग पुण्यातच मिळेल असं घरी सांगणं. लेह, श्रीनगर, पोर्ट ब्लेअर, कुठेही जावं लागेल. नवऱ्याशी हे बोलणं अर्ज भरण्याआधी व्हायला हवं.

पेन्शनच्या आशेने जाणं. शॉर्ट सर्व्हिस सुरुवातीला पाच वर्षांची, वाढवून चौदापर्यंत. ऑफिसरच्या पेन्शनसाठी लागणारी वीस वर्षं त्यात होत नाहीत.

सरकारी दवाखान्यात असाल तर ना हरकत प्रमाणपत्राचा अर्ज जाहिरातीची वाट न बघता टाका. आणि निकाल यायच्या आत राजीनामा देऊ नका.

पस्तिशी उलटलेल्यांना मी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिककडे पाठवते. माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची ही योजना २००३ पासून चालू आहे, आणि तिथे नर्सिंगचा स्टाफ कंत्राटी पद्धतीने घेतात. पगार कमी, आणि निवडीत माजी सैनिकांना प्राधान्य असतं. पण जाहिराती लष्कराच्या स्थानिक स्टेशनकडून निघतात, आणि पुणे-खडकी भागात राहणाऱ्या सिस्टरला घर सांभाळून तिथे काम करता येतं. मधुमेहाच्या पायाची जखम घेऊन आलेले सुभेदार साहेब तिथे तुमची वाट बघत बसलेले असतात, त्यांच्या ड्रेसिंगला तुमचा तोच सरावलेला हात लागतो.